दोघींच्या मधली आडफळी

मी आडफळी. आज मी बोलणार आहे आणि मधे कुणी तोंड घालायचं नाही. बावीस वर्षं माझ्या दोन्ही अंगांना माणसं बसली, खोकली, एकमेकांवर डाफरली, एक-दोघं तर पानं हातात धरून चक्क घोरली, आणि मी गप्प राहिले. लाकडाला काय कळतं, असं माणसांना वाटतं. वाटू दे. मला जे कळतं ते त्यांना कळलं असतं तर माझी गरजच पडली नसती.

मॉन्टेव्हिडिओत बंदराकडे उतरणाऱ्या एका रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावर, आमचा ब्रिजचा क्लब आहे. तिथे चौकोनी टेबलावर मी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी उभी असते. बसलेल्या माणसाचं डोकं झाकेल एवढी माझी उंची. पोटात एक छोटी खिडकी, तिला झाकण. तळाशी एक ट्रे सरकेल एवढी फट. ब्रिजला चार माणसं लागतात, दोन जोड्या. भिडू समोरासमोर बसतात. मी तिरकी, त्यामुळे माझ्या एका अंगाला दोघं येतात खरी, पण ती भिडू नसतात. ती एकमेकांची वैरी असतात. भिडू पलीकडे, न दिसणारा. हे नीट लक्षात घ्या. मी वैऱ्यांना वेगळं करत नाही. मी दोस्तांना वेगळं करते.

जन्माचं सांगते. क्लबात दोन सख्खे भाऊ होते. सिगारेट उजव्या हातात धरली की बदाम, डाव्या हातात धरली की इस्पिक, असं त्यांनी आपसात ठरवलेलं. दोन वर्षं सगळे चषक त्यांच्या घरी. पकडले गेले ते डॉक्टरमुळे. धाकट्याला डॉक्टरनं सिगारेट बंद केली, तरी तो न पेटवलेली सिगारेट या हातातून त्या हातात करत बसायचा. मग क्लबानं ब्राउलिओ सुताराला बोलावलं.

"पण हे दोघं एकाच बाजूनं खेळणार ना?" ब्राउलिओनं माप घेता घेता विचारलं.

"हो," सेक्रेटरीबाई म्हणाल्या.

"म्हणजे भिडू?"

"भिडूच."

"मग भिंत यांच्यामध्ये कशाला, बाई? हे आणि ते, यांच्यामध्ये घाला की."

"तुम्ही ब्रिज खेळत नाही, म्हणून तुम्हाला झोप चांगली लागते. फळी करा."

त्यानं एका मोडक्या कपाटाच्या फळ्या घेतल्या, वर हिरवं कापड ताणलं, खिडकी बसवली ती थोडी वाकडी, म्हणून अजून करकरते. कुणी मायेतून जन्माला येतं, कुणी चुकून. मी संशयातून जन्मले. मला त्याची लाज नाही.

मला ब्रिज कुणी शिकवला नाही. पहिलं वर्षभर किल्वर कुठला आणि इस्पिक कुठला हेही मला कळत नव्हतं. पण दोन्हीकडची पानं दिसणारी मी एकटीच, आणि मला उठून जायची सोय नाही. बघत बघत शिकले. आज या क्लबातल्या निम्म्या लोकांपेक्षा मला जास्त कळतं आणि उरलेल्या निम्म्यांपेक्षा मी जास्त प्रामाणिक आहे.

ज्यांना खेळ येत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. आधी बोली, मग पानं टाकणं. बोली म्हणजे आम्ही इतके हात करू असा दावा, आणि त्याच दाव्यातून भिडूला आपल्या पानांची खबर द्यायची. तोंडानं नाही. पेटीतून छापील बोली काढायची, ट्रेमध्ये ठेवायची, ट्रे माझ्या फटीतून पलीकडे सरकवायचा. सगळ्या मिळून पस्तीस बोली, वर पास आणि डबल. एवढ्यात तेरा पानांचं सुखदुःख सांगायचं. म्हणून भिडू आधीच ठराव करतात, या बोलीचा अर्थ हा, त्या बोलीचा अर्थ तो. आणि तो ठराव कागदावर लिहून वैऱ्यापुढे उघडा ठेवावा लागतो. भिडूला जे ठाऊक, ते वैऱ्यालाही ठाऊक असलं पाहिजे. ठराव मोडून तुम्ही तुमची अक्कल चालवा, कुणी अडवत नाही. पण तेव्हा तुमचा भिडूही वैऱ्याइतकाच फसला पाहिजे. भिडूला जर आधीच अंदाज असेल, तर ती अक्कल राहिली नाही. तो चोरटा ठराव झाला.

या एका नियमावर मी जन्मभर पहारा दिला आहे.

आणि पहारा द्यावाच लागतो. ट्रे आपटून सरकवणारे असतात, त्यांची पानं भारी. हळूच बोटानं ढकलणारे असतात. एक बाई बोली ठेवताना नेमकं नाक ओढायच्या; दोन महिने मी त्यांचं नाक मोजलं, शेवटी खरंच सर्दी निघाली. माझ्याखाली टेबल आहे आणि टेबलाखाली पाय आहेत, आणि तिथे माझं काही चालत नाही, या विचारानं मला अजून चैन पडत नाही. या गावात येर्बा नावाच्या पाल्याच्या कडू काढ्याचा तुंबा हातोहात फिरतो, एकाच नळीनं सगळ्यांनी ओढायचा. पण माझ्या टेबलावर तो तुंबा फटीतून पलीकडे जात नाही. तुंबा गरम गेला तर पानं चांगली, निवलेला गेला तर वाईट, असं कुणी ठरवलं तर? म्हणून इथे काढा वैऱ्याबरोबर वाटून प्यायचा. मी कितीतरी भिडू बघितले, ज्यांनी वर्षानुवर्षं एकमेकांबरोबर घोटभर काढा घेतला नाही आणि ज्याला हरवायचं त्याची उष्टी नळी मात्र तोंडात धरली.

आता त्या दोघी.

झुल्मा एचेगाराय आणि नीबिया कुर्बेलो. एकतीस वर्षांची जोडी, माझ्याहून जुनी. झुल्माचं बटणा-दोऱ्यांचं दुकान होतं. आवाज मोठा, हातात सहा बांगड्या, बोली नेहमी चढी. नीबिया शाळेत गणित शिकवायची. बारीक, ताठ, पेन्सिल कानावर. झुल्माचा नवरा गेला, मुलगा स्पेनला जाऊन राहिला, दुकानाचं शटर उतरलं. राहिला तो शनिवार. शनिवारी तीन वाजता ती जिना चढताना धापा टाकत यायची आणि खुर्चीत बसताच म्हणायची, "चला, कुणाला रडायचंय आज?"

मला या जोडीचा पहिल्यापासून संशय होता. कारण साधं आहे. झुल्मा फाटक्या पानांवर मोठ्या बोली बोलायची आणि तरी दावा हुकून बुडायची नाही. नीबिया बरोब्बर वेळेला पास म्हणून खाली बसायची. कसं कळायचं तिला? मी दोघींचे चेहरे एकदम बघू शकते, आणि मला काही दिसत नव्हतं. दिसत नाही म्हणजे फारच हुशारीनं चाललंय, असं मी धरून चालले. आधी मी बांगड्यांवर डोळा ठेवला. मग नीबियाच्या पेन्सिलीवर. मग ट्रे किती इंच पुढे आला त्यावर.

हाच संशय आणखी एकाला होता. नोटरी वॉशिंग्टन लागोमार्सिनो. करारावर सह्या घेऊन घेऊन त्याला न लिहिलेली प्रत्येक गोष्ट खोटी वाटायला लागली होती. तो नीबियाच्या अंगाला बसायचा. त्याचा भिडू, दातांचा डॉक्टर वाल्तेर, झुल्माच्या अंगाला. एकदा नोटरीनं मधेच खेळ थांबवून झुल्माला बांगड्या काढायला लावल्या.

"बांगड्या वाजतात," तो माझ्यावरून ओरडला.

"वाजणारच! सोन्याच्या आहेत, तुझ्या शब्दासारख्या पोकळ नाहीत," झुल्मा म्हणाली, आणि सहाच्या सहा काढून टेबलावर आपटल्या. "घे वॉशिंग्टन, वजन कर आणि पावती दे."

बांगड्या गेल्या. फरक काही पडला नाही. नोटरीनं मग एक काळी वही सुरू केली.

गेल्या जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन थंडीत, हिवाळी चषकाचा शेवटचा सामना होता; एका संघाच्या दोन जोड्या, दोन वेगळ्या टेबलांवर, आणि दोन्हीकडे तीच पानं. बाहेर नदीवरून असा वारा सुटलेला की खिडक्यांच्या काचा दात वाजवल्यासारख्या वाजत होत्या. डाव सतरावा. झुल्मानं पानं लावली, आणि मी बघितलं: सात इस्पिक, त्यात मोठं पान गुलाम. बदामाची राणी एक. बाकी केर. तिनं पेटीत बोट घातलं आणि ट्रेमध्ये ठेवलं, तीन इस्पिक.

दोघींच्या कागदावर या बोलीचा अर्थ लिहिलेला होता: सात इस्पिक, एक्का-राजा-राणीपैकी दोन. झुल्माकडे एकही नव्हतं. ठीक आहे, अक्कल चालवली, चालते.

ट्रे फटीतून पलीकडे गेला. नीबियाची पानं मी बघितली आणि माझं लाकूड ताठ झालं. तीन एक्के आणि एक राजा. इस्पिकाची दोन बारकी पानं. झुल्माचं म्हणणं खरं मानलं तर चार इस्पिक झोपेतसुद्धा होतात, आणि चारला गुणही कितीतरी जास्त. शाळेतलं पोर बोट मोजून सांगेल. नोटरीनं नियमाप्रमाणे चिठ्ठीवर लिहून विचारलं, "या बोलीचा अर्थ?" नीबियानं खाली लिहिलं, "सात इस्पिक, मोठ्यांपैकी दोन." मग तिनं ट्रेमध्ये पास ठेवला.

पहिलं पान पडलं, माझी खिडकी उघडली, आणि नियमाप्रमाणे नीबियानं आपली पानं टेबलावर मांडली.

"तीन एक्के?" नोटरी अर्धवट उठलाच. "तीन एक्के आणि राजा घेऊन पास? बाई, तुम्हाला ताप आहे का?"

"खाली बसा नोटरीसाहेब, काढा सांडेल," नीबिया म्हणाली.

इस्पिकात तीन हात गेले, चौकटीत एक. नऊ हात झाले. तीनच्या बोलीला सहा अधिक तीन, नऊच लागतात. चार बोलली असती तर बुडाली असती, आणि दुसऱ्या टेबलावर तीच पानं घेऊन नोटरीच्या संघातली जोडी चार बोलून बुडलीच होती. त्या एका डावावर झुल्मा-नीबियाच्या संघानं सामना चार गुणांनी जिंकला. झुल्मानं उभं राहून टाळ्या वाजवल्या. नोटरीनं नीबियाची चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि हात वर केला.

"पंच. मला तक्रार नोंदवायची आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी चौकशी बसली, आणि ती माझ्याच टेबलावर. तिघांची समिती, मुख्य होता आरिएल बेंतांकूर, गुरांचा डॉक्टर, आणि दोघं नुसती मान हलवणारे. काय पणाला लागलंय ते बेंतांकूरनं आधीच सांगितलं. चोरटा ठराव सिद्ध झाला तर ही जोडी नोंदणीतून काढायची. दोघी क्लबात येऊ शकतील, खेळू शकतील, पण एकमेकींबरोबर नाही. झुल्मा माझ्या या अंगाला, नीबिया त्या अंगाला, खिडकी उघडी.

नोटरीनं काळी वही काढली. "अकरा वेळा. तारीख, डाव, पानं, सगळं आहे. अकरा वेळा झुल्माबाई केरावर तीन बोलल्या, अकरा वेळा नीबियाबाई तगडी पानं घेऊन खाली बसल्या. हा योगायोग नाही. यांच्यात खूण आहे."

"आणि झुल्माबाईंकडे खरी पानं असतात तेव्हा?" बेंतांकूरनं विचारलं.

नोटरीनं पान उलटलं. बोटानं मोजलं. "चार वेळा."

"तेव्हा नीबियाबाई वर चढल्या?"

"... नाही. तेव्हाही पास."

"म्हणजे त्या चारही वेळा नुकसान झालं."

"झालं."

"मग खूण कसली, साहेब? खूण असती तर खरं-खोटं कळलं असतं की."

"हेच!" झुल्मानं टेबलावर थाप मारली, मी हलले. "ही माझी अक्कल आहे, वॉशिंग्टन! अकलेला पावती नसते. ये आता, बांगड्या घालून दे माझ्या हातात."

बेंतांकूर भला माणूस. त्यानं नीबियाकडे वळून दार उघडं करून दिलं. "बाई, तुमच्या स्वतःच्या पानांत काही कारण होतं का? इस्पिकाची दोनच पानं, तीही बारकी. तुम्ही म्हणालात की मला भीती वाटली, तर ती तुमची अक्कल. तुम्ही घरी, मी माझ्या गाईंकडे."

झुल्मा खिडकीतून वाकून मान हलवत होती. म्हण ना, म्हण. मी नीबियाचा चेहरा बघत होते. तिनं कानावरची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली.

"नाही," ती म्हणाली. "मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"की तिच्याकडे काही नसणार. चिठ्ठीवर मी 'मोठ्यांपैकी दोन' लिहिलं, कारण कागदावर तसं आहे. मला ते खरं वाटत नव्हतं. वाटत नसताना मी ते लिहून दिलं. तेवढा गुन्हा माझा."

"कधीपासून खरं वाटत नाही?" हे झुल्मानं विचारलं. आवाज अचानक लहान झाला होता.

"झुल्मा, तुझी प्रत्येक बोली मी एक पायरी उतरवून घेते. तीन म्हणालीस की दोन धरते. दोन म्हणालीस की एक."

"एकतीस वर्षं?"

"पहिलं वर्ष सोड."

"म्हणजे तीस वर्षं मी पलीकडून ओरडतेय आणि तू मला खोटारडी समजून बसली आहेस?" आवाज परत आला, दुप्पट होऊन. "आणि मी एक पायरी चढवून का बोलते, ते नाही विचारलंस कधी! अगं भित्रे, तुला दोन म्हटलं तर तू हलत नाहीस, म्हणून तीन म्हणते! तू उतरवतेस म्हणून मी चढवते!"

"आधी तू चढवायला लागलीस."

"आधी तू उतरवायला लागलीस!"

"तारीख आहे माझ्याकडे," नीबिया म्हणाली, आणि मला वाटतं खरंच असावी.

दातांचा डॉक्टर वाल्तेर हसता हसता रुमाल शोधू लागला. "हे तर आमच्या घरचं भांडण आहे! फक्त आमच्याकडे फळी नाही."

"गप्प बसा," बेंतांकूर म्हणाला. मग स्वतःशी म्हणाला, "गाईंचं खरंच बरं असतं."

त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगते. मला राग आला. वर्षानुवर्षं मी बांगड्या मोजल्या, पेन्सिल मोजली, ट्रेचे इंच मोजले. मी चोर शोधत होते. तिथे चोर नव्हता. होता तो नुसता अविश्वास, दोन्ही अंगांनी सारख्याच मापाचा, आणि इतका जुना की ठरावासारखा घट्ट बसलेला. एक चढवायची, एक उतरवायची, आणि मधे बेरीज बरोबर यायची. दोघी त्यावर कधी एक शब्द बोलल्या नव्हत्या. मी, जिच्यासमोर हे दर शनिवारी घडत होतं, ती आंधळी ठरले.

निकाल लागला. चोरटा ठराव आहे. जाणूनबुजून केलेला नाही, पण आहे. सतराव्या डावाचा निकाल बदलला आणि चार गुणांनी जिंकलेला सामना दोन गुणांनी गेला. चषक नोटरीच्या संघाला. आणि जोडी? बेंतांकूरनं एक आठवडा दिला. पुढच्या शनिवारी तीनच्या आत नवा कागद द्यायचा, त्यावर या बोलीचा खरा अर्थ लिहायचा, दोघींनी सही करायची. सही नाही तर नोंद रद्द.

"मी सही करणार नाही," झुल्मा जाताना म्हणाली. "माझा भिडू माझ्यावर विश्वास ठेवत नाही, अशा कागदावर मी सही करू? भिंतीवर लावा की मग, फोटोसकट."

नीबिया म्हणाली, "खोट्या कागदावर मी एकदा लिहून दिलं. पुन्हा नाही."

दोघी वेगवेगळ्या वेळी जिना उतरल्या.

तो आठवडा मी हिरव्या कापडात श्वास कोंडून उभी होते. शनिवारी दोन वाजता नीबिया आली. आपल्या जागेवर बसली, कोरा कागद काढला, काही लिहिलं. दोन वाजून वीस मिनिटांनी जिन्यावर धापा ऐकू आल्या. झुल्मा आली, माझ्या दुसऱ्या अंगाला बसली. माझी खिडकी बंद होती. दोघींपैकी कुणीही ती उघडली नाही.

मग ट्रे सरकला.

ट्रेवर कागद होता. नीबियानं लिहिलं होतं: "तीन इस्पिक: सात पानं. मोठी पानं नसतात. भिडू विश्वास ठेवत नाही." झुल्मानं वाचलं, नाक फेंदारलं, पेननं शेवटचं वाक्य खोडलं आणि वर लिहिलं, "भिडू भित्री आहे." ट्रे परत गेला. नीबियानं ते खोडलं. "मोठी पानं नसतात" च्या जागी "बहुधा नसतात" केलं. ट्रे इकडे. झुल्मानं "बहुधा" वर एवढी जोरात रेघ मारली की कागद फाटला. ट्रे तिकडे. नीबियानं नवा कागद घेतला, सगळं सुवाच्य उतरवलं, आणि यावेळी बराच वेळ पेन्सिल हवेत धरून बसली.

मी खूप बोल्या बघितल्या. इतकी लांब बोली नाही बघितली.

पावणेतीनला ट्रेवर जे आलं ते असं: "तीन इस्पिक: सात पानं. मोठी पानं असतील किंवा नसतील. बोलणारी चढवून बोलते. ऐकणारी उतरवून ऐकते. दोघींना हे ठाऊक आहे." खाली नीबियाची सही.

झुल्मानं तीनदा वाचलं. तिचे डोळे भरले की जिन्याच्या दमामुळे पाणी आलं, ते मी सांगणार नाही, मला ठाऊकही नाही. "बोलणारीचं नाव आधी का?" एवढंच ती मोठ्यानं म्हणाली.

"तू आधी बोलतेस म्हणून," पलीकडून आवाज आला.

झुल्मानं सही केली.

नोटरीनं तो कागद चष्मा पुसून वाचला, वर-खाली, मागे काही लिहिलंय का तेही बघितलं. "हा ठराव आहे की कबुलीजबाब?"

"दोन्ही. शिक्का मार," झुल्मा म्हणाली.

नेमका पहिलाच सामना त्याच्याशी. पाचव्या डावात झुल्माकडे सात इस्पिक आले. वर राणी, बाकी केर. कागदावर आता सगळं कबूल होतं, तिला कसली भीती? तीन इस्पिक. ट्रे पलीकडे. नीबियाकडे पुन्हा चांगली पानं होती, दोन एक्के, दोन राजे. तिचं बोट पासवर गेलं. मी बघितलं. पासची चिठ्ठी अर्धी वर आली होती. तिथे ते बोट थांबलं. तिनं एकदा नोटरीकडे बघितलं. त्याची काळी वही उघडी होती, पेन तयार. मग बोट सरकलं, आणि ट्रेमध्ये चार इस्पिक पडलं.

नोटरीनं चिठ्ठीवर लिहिलं, "ऐकणारी उतरवून ऐकते ना? मग हे काय?"

नीबियानं खाली लिहिलं, "अक्कल."

दोन हातांनी बुडाल्या. शेवटचं पान पडल्यावर झुल्मानं खिडकीत डोकं घातलं, अगदी कान अडकेपर्यंत. "आज? तीस वर्षं सोडून आजच सुचलं तुला?"

"कागदावर 'असतील किंवा नसतील' आहे. मी 'असतील' वाचलं."

"अगं, पण नव्हती!"

"ते मला कसं कळणार? मधे फळी आहे."

झुल्मा इतकी हसली की वाल्तेरनं तिला पाणी दिलं. हरल्यावर इतकं आनंदानं हसलेलं माणूस मी या क्लबात पाहिलं नाही. नोटरीनं वहीत काहीतरी लिहिलं, मग खोडलं, मग वही मिटली.

तेव्हापासून मी एकच विचार करते आहे. नीबियानं खरंच विश्वास ठेवला का? की नोटरीची वही उघडी बघून मुद्दाम बुडून दाखवलं, बघा, आमच्यात काही नाही म्हणून? की त्याहून वाईट, झुल्मानं एकदा तरी हसावं म्हणून दोन हात फेकले? बोट आधी पासवर गेलं होतं. नजर नोटरीकडे गेली होती. दोन्ही मी बघितलं, दोन्हींचा अर्थ मला लागत नाही. झुल्माला विचारायची सोय नाही. तिच्या बाजूनं ते बोट दिसतच नाही.

क्लबानं आता ॲल्युमिनियमच्या नव्या फळ्या मागवल्या आहेत, हलक्या, न करकरणाऱ्या. सेक्रेटरीबाईंनी माझ्यासाठी स्वयंपाकघरातली जागा ठरवली आहे. आडवं करून माझ्यावर कप ठेवायचे म्हणे. करा. कप मी सांभाळीन. पण हे ऐकणाऱ्यांत क्लबाचं कुणी असेल तर एक ऐका. बाकीच्या टेबलांवर हवं ते चकचकीत बसवा. त्या दोघींचं टेबल तेवढं माझ्याकडे राहू द्या, त्या दोघी येतात तोवर. मी काही त्यांची माया बघायला मागत नाही, तसलं मला जमत नाही. पण नीबियाचं बोट पुढच्या वेळी कुठे थांबतं, ते बघायला तिथे कुणीतरी हवं. आणि कुणावर विश्वास ठेवायचा म्हटलं तर मी या कामात माझ्याशिवाय दुसऱ्या कुणावर ठेवणार नाही.